उत्तरे तपासली, मग गाइड घेतले

पीथमपूरच्या एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काही वर्षे नोकरी केल्यानंतर मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचे ठरवले आणि त्यासाठी ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेचा रसायनशास्त्राचा पेपर देण्याची तयारी सुरू केली. या परीक्षेला वयाची अट नाही, आणि देशभरातील आयआयटींप्रमाणेच आमच्या इंदूरजवळच्या सिमरोल येथील आयआयटीतही रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रवेश याच परीक्षेच्या गुणांवर होतो, म्हणून घर न सोडता पुढे शिकता येण्याची शक्यता मला दिसत होती. इंदूरच्या भंवरकुआ परिसरात शिकवणीवर्गांची उणीव नाही; पण त्यांच्या वेळा आणि कंपनीच्या बसच्या वेळा यांचा मेळ बसेना. अभ्यास घरीच, पुस्तकाच्या आधाराने करायचा, हे त्यामुळे ठरूनच गेले. कोणत्या पुस्तकाच्या आधाराने, हा प्रश्न मात्र मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

गाइड पारखायचे तर आधी परीक्षा नीट माहीत हवी. 2015 पासून हा पेपर संगणकावर द्यावा लागतो. तीन तासांत साठ प्रश्न आणि एकूण 100 गुण असतात. ‘अ’ विभागात एकच पर्याय बरोबर असलेले तीस प्रश्न असतात. त्यांपैकी दहा प्रत्येकी एका गुणाचे आणि वीस प्रत्येकी दोन गुणांचे असून चुकीच्या उत्तराला अनुक्रमे एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश गुण वजा होतात. ‘ब’ विभागातील दहा प्रश्नांना एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात; तिथे गुण वजा होत नाहीत, पण सगळे बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा निवडला नाही तरच गुण मिळतात, अर्ध्या उत्तराला काही नाही. ‘क’ विभागात वीस प्रश्न असतात आणि त्यांना पर्यायच नसतात. उत्तर म्हणून येणारी संख्या पडद्यावरच्या कळफलकाने भरायची असते. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. म्हणजे शंभरांपैकी पन्नास गुण असे आहेत की जिथे पर्यायांकडे पाहून अंदाजाने उत्तर गाठण्याची सोय जवळजवळ राहत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच गाइडांच्या मुखपृष्ठावर या तिन्ही प्रकारांची नावे ठळक छापलेली होती; आतली तयारी मात्र पहिल्याच प्रकाराची होती.

पुस्तके पाहायला मी अर्थातच राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात गेले. इंदुरात कोणत्याही वर्गाचे, नवे असो वा जुने, पुस्तक शोधायचे म्हटले की लोक तिकडेच वळतात. सुटीच्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत गेले म्हणजे दुकानदार पुस्तक हातात घेऊन निवांत चाळू देतात. पहिल्याच दुकानात माझ्यापुढे मोठी चळत आली आणि वरच्या जाडजूड खंडावर हात ठेवून दुकानदार म्हणाले, “दीदी, सब यही ले जाते हैं।” त्यांच्या सांगण्यात खोटे काही नसावे. पण सगळे नेतात म्हणून ते चांगले, की ते सहज मिळते म्हणून सगळे नेतात, याचा उलगडा दुकानात उभे राहून होत नाही. त्या चळतीत सर्वसाधारणपणे चार प्रकारची पुस्तके होती. सिद्धांत आणि प्रश्न एकत्र असलेले एकखंडी गाइड. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घटकवार लावून सोडवून दिलेले संग्रह. मुळात सीएसआयआर नेट या एम.एस्सी.नंतरच्या पात्रता परीक्षेसाठी लिहिलेली पण मुखपृष्ठावर जॅमचेही नाव जोडलेली पुस्तके. आणि बारावीनंतरच्या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांसाठी असलेली, पण बी.एस्सी.चे विद्यार्थीही घेऊन जातात अशी. त्याशिवाय शिकवणीवर्गांच्या छापील नोट्सच्या छायाप्रतीही काही ठिकाणी विकायला असतात. दुसऱ्याच्या मेहनतीच्या अशा प्रती मला घ्यायच्या नव्हत्या, आणि त्यांतली पुसट झालेली बंधरेषा किंवा गेलेला ऋण प्रभार रसायनशास्त्रात उत्तरच बदलून टाकतो.

त्या दिवशी मी काहीही विकत न घेता परत आले. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या द्रव्याची शुद्धता ठरवायची तर ते आधी ज्याची शुद्धता निश्चित ठाऊक आहे अशा रेफरन्स स्टँडर्डशी ताडून पाहतात. पिंपावरचे लेबल कितीही सुबक असले तरी त्यावरून माल स्वीकारत नाहीत. गाइडच्या बाबतीत असे प्रमाण माझ्या हाताशी होतेच. परीक्षा घेणाऱ्या आयआयटी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या अधिकृत उत्तरसूची संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात. त्या उतरवून घेऊन मी छापल्या आणि ज्या घटकांवर माझी पकड होती त्यांतील प्रश्न आधी स्वतः, गाइडला हात न लावता, सोडवले. संख्येच्या प्रश्नांना अधिकृत उत्तरसूचीत बहुधा नेमकी एक संख्या नसून ‘अमुक ते तमुक’ अशी मर्यादा दिलेली असते, हे तेव्हाच माझ्या नीट लक्षात आले आणि पुढे पुस्तक पारखताना ते फार उपयोगी पडले. मग निवडक प्रश्नांची एक वही करून मी पुन्हा बाजारात गेले. कोणतेही गाइड हातात आले की प्रस्तावना आणि पहिले प्रकरण सोडून थेट मधली पाने उघडायची आणि वहीतील प्रश्नांची उत्तरे तिथे कशी दिली आहेत ते पाहायचे, असा क्रम मी ठेवला. पहिले प्रकरण सगळ्यांचेच नेटके असते.

सर्वांत आधी मी माझ्या रोजच्या कामातला घटक पाहिला. विश्लेषणात्मक रसायन जॅमच्या अभ्यासक्रमात आहे आणि त्यात ईडीटीए हे धातूंचे आयन पकडून ठेवणारे रसायन थेंबाथेंबाने घालून मोजमाप करायची टायट्रेशनही येतात. पाण्याचा कठीणपणा काढताना अमोनियाच्या बफरने पीएच दहाच्या आसपास राखतात, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालतात, आणि ब्युरेटमधून ईडीटीए पडत जाते तसा द्रावणाचा मद्यासारखा लाल रंग जाऊन शेवटी स्वच्छ निळा रंग येतो. हा बदल मी इतक्यांदा पाहिला आहे की शेवटच्या थेंबांच्या वेळी येणारी जांभळट छटाही मला ओळखता येते. एका गाइडमध्ये हा रंगबदल उलटा छापला होता, निळ्याकडून लालकडे. आणि बफर कशासाठी घालायचे याबद्दल एक अक्षरही नव्हते. वास्तविक प्रश्न विचारला जातो तो तिथेच. पीएच बदलला की दर्शकाचा स्वतःचा रंग बदलतो आणि धातूशी ईडीटीएचे बंधन किती घट्ट राहील तेही बदलते. कॅल्शियम एकटेच मोजायचे असेल तर पीएच बाराच्या पुढे नेऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या रूपात बाजूला काढतात आणि मग म्युरेक्साइडसारखा दर्शक वापरतात. हे कारण ज्याला कळले तो न पाहिलेल्या प्रश्नालाही उत्तर देऊ शकतो. दुसऱ्या एका, तुलनेने पातळ पुस्तकात हे सगळे पाऊण पानात, पण कारणांसह दिले होते. त्या पुस्तकाचे नाव मी वहीत लिहून ठेवले.

खरा कस लागला तो धातूंच्या संकुल संयुगांच्या स्फटिक क्षेत्र सिद्धांतावर, म्हणजे भोवतालच्या गटांच्या क्षेत्रामुळे धातूचे पाच डी कक्षक खालच्या तीन आणि वरच्या दोन अशा गटांत कसे विभागतात यावर. फेरोसायनाइड आयनात लोह द्विसंयुजी असते, म्हणजे डी कक्षकांत सहा इलेक्ट्रॉन असतात, आणि सायनाइड प्रबळ लिगंड (धातूला जोडलेला गट) असल्यामुळे ते सहाही खालच्या तीन कक्षकांत जोडीने बसतात. प्रत्येकी उणे 0.4 प्रमाणे स्थैर्य ऊर्जा डेल्टाच्या, म्हणजे दोन गटांतील ऊर्जेच्या फरकाच्या, उणे 2.4 पट होते, इथपर्यंत सर्व पुस्तकांचे एकमत होते. पुढे जोडी जमवण्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजे ‘पी’, किती वेळा मिळवायची यावर ती फुटली. कक्षकांत जोड्या तीन दिसतात म्हणून काहींनी तीन ‘पी’ मिळवल्या होत्या. पण क्षेत्राने कक्षकांचे विभाजन होण्यापूर्वीही पाच कक्षकांत सहा इलेक्ट्रॉन बसवायचे म्हटले तर एक जोडी असतेच. तेव्हा क्षेत्रामुळे नव्याने झालेल्या जोड्या दोनच, आणि तुलना त्या आधीच्या स्थितीशी करायची असेल तर मिळवायच्याही दोनच ‘पी’. दोन्ही प्रकारे लिहिणारे ग्रंथ आहेत, त्यामुळे एखाद्या गाइडने तीन लिहिले एवढ्यावरून मी ते बाद केले नसते. परंतु बाजारातल्या त्या लोकप्रिय जाड खंडात फेरोसायनाइडला तीन ‘पी’ होत्या, आणि पुढे थोड्याच पानांवर कोबाल्टच्या सहा अमोनिया रेणू जोडलेल्या संयुगाला दोन. कोबाल्ट तिथे त्रिसंयुजी असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन पुन्हा सहाच आणि मांडणीही तीच. एकाच इलेक्ट्रॉन मांडणीला एकाच पुस्तकात दोन उत्तरे, आणि दोहोंपैकी एकाचेही कारण दिलेले नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून उतरवून घेतलेली उत्तरे एकत्र बांधली की असे होते. अशा पुस्तकाने अभ्यास करणारा विद्यार्थी स्वतःलाच दोष देत बसतो, हे मला फार वाईट वाटते. आपल्याला विषय समजत नाही असे त्याला वाटते, आणि विसंगती तर छापील पानावर असते.

पातळ पुस्तकात ‘मूळ स्थितीशी तुलना केल्यास दोन, एकूण जोड्या मोजल्यास तीन’ असे स्पष्ट लिहून प्रश्नाची शब्दरचना कशी वाचावी ते सांगितले होते.

ऊष्मागतिकीतही मला हाच दोष निराळ्या रूपात दिसला. आदर्श वायूचा एक मोल 300 केल्व्हिनला समतापी आणि प्रतिवर्ती रीतीने प्रसरण पावून आकारमान दुप्पट झाले तर कार्य किती, हा साधा प्रश्न. हल्लीच्या रूढ संकेतानुसार, वायूवर झालेले कार्य धन मानले तर, उत्तर उणे 1.73 किलोजूल येते. जुन्या पुस्तकांत वायूने केलेले कार्य धन मानत, त्यामुळे तिथे हीच संख्या अधिक चिन्हाने येते. चार पर्यायांच्या प्रश्नात दोन्ही चिन्हे पर्यायांत नसतील तर हे खपून जाते. जिथे संख्या स्वतः भरायची आहे तिथे चिन्ह चुकले की गुण गेले. काही गाइडांत पहिल्या नियमाच्या प्रकरणात एक संकेत होता आणि सोडवलेल्या प्रश्नांत दुसरा. आणखी एक बारकावा याच उदाहरणात सापडला. दोनचा लॉगॅरिदम 0.30 धरून हिशोब केला तर उत्तर 1.72 येते, 0.3010 धरला किंवा कॅल्क्युलेटर वापरला तर 1.73 येते. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत मागितले असेल आणि उत्तरसूचीतील मर्यादा अरुंद असेल तर एवढा फरकही पुरे होतो. परीक्षेत पडद्यावर कॅल्क्युलेटर उपलब्ध असताना गाइडने लॉगची गोळाबेरीज शिकवण्यात काय हशील आहे? ज्या पुस्तकात शेवटची संख्या शेवटच्या पायरीलाच पूर्णांकित केली आहे आणि एकके प्रत्येक पायरीवर लिहिली आहेत, त्याच्या लेखकाने परीक्षा प्रत्यक्ष पाहिली आहे असे मी समजते.

सेंद्रिय रसायनासाठी वहीत पेंटेन-2,3,4-ट्रायॉलचे त्रिमितीय समघटक किती, हा प्रश्न होता. तीन असममित केंद्रे धरून दोनचा घात तीन करून आठ असे उत्तर देणारी पुस्तके निघाली. रेणू सममित आहे, त्यामुळे खरे उत्तर चार, दोन मेसो (स्वतःच्या प्रतिबिंबाशी एकरूप) आणि एक प्रतिबिंब-जोडी. मधला कार्बन कधी असे केंद्र ठरतो आणि कधी नाही हे एकदा कागदावर काढून पाहिले की सूत्राची गरज उरत नाही. याच ठिकाणी मला ‘ब’ विभागाच्या उत्तरांचीही परीक्षा करता आली. बरोबर पर्याय कोणते एवढेच सांगणारे उत्तर त्या विभागासाठी अपुरे असते. उरलेले पर्याय का चूक आहेत तेही सांगणारे हवे, कारण अर्धवट उत्तराला तिथे शून्य आहे.

लोकमान्य नगरात आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात. ते होळकर सायन्स कॉलेजात भौतिक रसायन शिकवत. माझी वही घेऊन मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी ती शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, “अगं, हे सगळं ठीक आहे, पण गणिताचं काय? अभ्यासक्रमाचं पहिलंच कलम वाचलंस ना?” मी वाचले होते. भौतिक रसायनाच्या आरंभीच फलने, कमाल-किमान, समाकलन, साधी अवकल समीकरणे, सदिश, सारणी, प्राथमिक सांख्यिकी आणि संभाव्यता अशी यादी आहे. “सर, बहुतेक गाइडांत ते प्रकरणच नाही,” मी म्हटले. “मग जिथे आहे ते बघ. ज्याने अभ्यासक्रम पहिल्या ओळीपासून वाचला नाही, त्याने पुढचा तरी नीट वाचला असेल कशावरून?” त्यांचे हे बोलणे मला पटले आणि अभ्यासक्रमाची छापील प्रत समोर ठेवून मी उरलेली पुस्तके एकेका कलमाशी ताडून पाहिली. अभियांत्रिकी प्रवेशाची पुस्तके इथे मागे पडली. त्यांतील प्रश्न उत्तम असतात, पण वर्णपटशास्त्र, विषमचक्रीय संयुगे, जैव-अकार्बनी रसायन आणि उपकरणांनी करायचे विश्लेषण यांची बी.एस्सी.च्या पातळीवरची तयारी त्यांतून होत नाही. नेटची पुस्तके उलट एम.एस्सी. झालेल्यांना गृहीत धरतात; ती वाचताना विषय ओळखीचा वाटतो, मात्र प्रत्येक पानावर आपल्याला न शिकवलेले काहीतरी मध्येच येते आणि नोकरी करणाऱ्याचा मोजका वेळ त्यात जातो.

मध्य प्रदेशातल्या अनेकांप्रमाणे माझेही बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले, आणि जॅमचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. हिंदीतून लिहिलेले गाइड घ्यावे असे मलाही काही काळ वाटले. शेवटी मी इंग्रजीच घेतले, कारण प्रश्नाची अटच लांब वाक्यात दडलेली असते आणि तशी वाक्ये वाचण्याची सवय परीक्षेच्या दिवशी एकाएकी होत नाही. संकल्पना अडली तर मात्र मी अजूनही कॉलेजची हिंदी पुस्तकेच काढते, आणि ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांनाही हेच सांगेन की समजून घेण्यासाठी आपल्या ओळखीची भाषा खुशाल वापरावी, सराव तेवढा पेपरच्या भाषेत करावा.

आवृत्तीच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. नव्या वर्षाचा आकडा मुखपृष्ठावर असला तरी आत बहुधा शेवटी मागील वर्षाची प्रश्नपत्रिका जोडण्यापलीकडे काही बदललेले नसते. मी एकाच पुस्तकाची जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा जुन्या प्रतीतली छपाईची चूक नव्यात त्याच पानावर त्याच ओळीत होती. नवी प्रश्नपत्रिका आणि तिची उत्तरसूची विनामूल्य मिळतच असल्याने अशा वेळी जुनी प्रत घेणे शहाणपणाचे. फक्त तीत 2015 पूर्वीचे प्रश्न किती आहेत ते पाहावे. ते टाकाऊ नाहीत, पण त्यांची धाटणी निराळी आहे.

शेवटी मी घेतले ते तेच पातळ पुस्तक, म्हणजे मागील प्रश्नपत्रिकांचा घटकवार सोडवलेला संग्रह, आणि तेही आधीच्या मालकाने पेन्सिलीने खुणा केलेली जुनी प्रत. जाड गाइड मी घेतलेच नाही. सिद्धांतासाठी ग्रंथालयातून आणलेले प्रमाण ग्रंथ आणि एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावरील आयआयटीच्या अध्यापकांची व्याख्याने पुरेशी आहेत. गणितासाठी सरांनी आपल्या कपाटातून एक जुने पुस्तक काढून दिले. मी घेतलेल्या संग्रहातही उणिवा आहेत. अणुकिरणोत्सर्गावरचे प्रश्न फारच थोडे आहेत, आणि मूलद्रव्यांच्या मुख्य गटांची उत्तरे त्रोटक आहेत. तिथे मी अधिकृत प्रश्नपत्रिकांवरूनच काम करते आणि उत्तरे स्वतः लिहून सरांना दाखवते.

सध्या कंपनीच्या बसमध्ये जाताना मी एक घटक वाचते आणि रात्री त्यावरचे प्रश्न पुस्तकातले उत्तर झाकून सोडवते. उत्तर जुळले नाही तर आधी अधिकृत उत्तरसूची पाहते, मग ग्रंथ, आणि शेवटी पुस्तकाचे स्पष्टीकरण. आतापर्यंत दोन ठिकाणी पुस्तकाचे उत्तर अधिकृत मर्यादेबाहेर निघाले. तिथे समासात बरोबर संख्या आणि तिची एकके लिहून ठेवली आहेत. आमच्याच प्रयोगशाळेतल्या एका धाकट्या सहकारी मुलीलाही पुढच्या वर्षी हीच परीक्षा द्यायची आहे, म्हणून माझी प्रश्नांची वही मी तिला दिली आहे. तिने त्यात विद्युतरसायनाचे आणखी काही प्रश्न घातले आहेत, आणि येत्या रविवारी ती ती वही घेऊन खजुरी बाजारात जाणार आहे.